आन्शुत्स की अँशुट्झ? आठ पाट्या लिहायच्यात, मदत करा

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. प्रश्न बंदुकांचा वाटेल, पण अडचण शुद्धलेखनाची आहे.

मी कोल्हापुरात शाळेत मराठी शिकवते. लेक १४ वर्षांची, दीड वर्षापासून १० मीटर एअर रायफल करते. राधानगरी तालुक्यातला आपला स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला, तेव्हापासून आमच्याकडे पालकांची रीघ लागलीय. नव्या पालकांसाठी पुढच्या महिन्यात एक रविवार ठेवलाय. टेबलावर रायफली-पिस्तुलं मांडायची, शॉटगनचे फोटो लावायचे आणि प्रत्येकासमोर कंपनीच्या नावाची मराठीत पाटी. "मराठीच्या बाई आहेत ना, पाट्या त्या करतील," असं नेमबाजीच्या सरांनी परस्पर ठरवून टाकलं.

आठ पाट्या आहेत आणि पहिल्याच पाटीला अडले. ए, एन, एस, सी, एच, मग डोक्यावर दोन टिंबं असलेला यू, मग टी, झेड. सर म्हणतात अँशुट्झ. लेक म्हणते अन्शूट्स. तिची मैत्रीण नुसतं 'अंशू' म्हणते, म्हणजे रायफल नाही, मावसबहीणच. मागे बट प्लेटचा स्क्रू मागवायला मी एका दुकानात फोन केला आणि बिचकत 'आनशुट्झ' म्हटलं, तर पलीकडून, "मॅडम, ॲन्सकट्झ म्हणायचं." इतक्या ठामपणे सांगितलं की मी सॉरी म्हटलं. स्क्रू आला तो भलत्याच रायफलीचा.

बाकीची सात नावं रेंजवर कानावर पडतात तशी लिहिते: वॉल्थर, फाइनवर्कबाऊ (याला सगळे एफडब्ल्यूबी म्हणून सुटका करून घेतात), स्टेअर, मोरिनी, पार्डिनी, बेरेटा, पेराझी. इंग्रजी व्हिडिओ पाहिले, पण प्रत्येक माणूस तितक्याच आत्मविश्वासाने वेगळं बोलतो. मूळ उच्चार काय, आणि देवनागरीत तो कसा बसवायचा? कुणी तिकडे राहणारं असेल तर फार बरं होईल.

---

उल्मवासी

बाई, जेवणाचा डबा बाजूला सारून लिहितोय. मी सांगलीचा, गेली ११ वर्षं जर्मनीत उल्मला यंत्रांचे आराखडे काढतो. तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन कंपन्या माझ्याच गावातल्या. शॉटगनवाले क्रीगहोफ इथले तिसरे. मी काही नेमबाज नव्हे. शेजारच्या खेड्यातल्या नेमबाज मंडळात दर गुरुवारी जातो, तेही मुख्यतः तिथल्या बटाट्याच्या सॅलडसाठी. पण या नावांपायी तिथे भरपूर हसं करून घेतलंय, तेवढ्या अधिकारावर सांगतो.

आधी इंग्रजीला मधून उठवा. ही नावं आपल्याकडे इंग्रजी अक्षरांवरून वाचली गेली, आणि ट्झ, थ, झ, ॲ हे सगळं त्या वाटेत चिकटलं. मराठी जिभेला यातले बहुतेक आवाज घरचे आहेत.

आन्शुत्सचंच बघा. 'पाच' म्हणा. त्यातला जो च आहे तोच या नावाचा शेवट. चिमणीतला नाही, चोर-चूल-चाकातला. इंग्रजाला शब्दाच्या शेवटी तो जमला तरी सुरुवातीला आणायला घाम फुटतो. आपण बोबडं बोलायला लागल्यापासून म्हणतोय. सुरुवात 'ॲन' नाही, साधा आखूड 'आन', आणि जोर त्याच्यावरच. राहिला टिंबंवाला स्वर. तो मात्र आपल्याकडे नाही. मंडळातल्या एका आजोबांनी मला तो असा शिकवला: 'ई' म्हणत राहा, जीभ जागची हलवू नकोस, फक्त ओठ शिट्टी मारल्यासारखे कर. मी एक अख्खी संध्याकाळ गाडीत 'आन्शी, आन्शू, आन्शी, आन्शू' करत घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, कोण ही आन्शी?

मॅक्स म्युलरच्या नावात हाच स्वर आहे, तिथे मराठीने 'यु' घालून वेळ भागवली. त्या न्यायाने 'आन्श्युत्स' व्हायला हवं. पण पाटी वाचणाऱ्या पालकांच्या जिभेची दया येते. मी 'आन्शुत्स' लिहीन. 'आन्शुच' नको, अर्धे लोक चिमणीचा च वाचतील. आपल्याकडे दोन च असून अक्षर एकच, ही आपलीच कंजुषी.

वाल्टर. जर्मनमध्ये डब्ल्यू म्हणजे व, आणि व्ही म्हणजे बहुतेक वेळा फ. चाकणला ज्यांचा कारखाना आहे त्या फोक्सवॅगनला इथे फोल्क्सवागन म्हणतात, म्हणजे दोन्ही अक्षरं एकाच नावात सापडली. टीपुढचा एच नुसता शोभेचा, त्यामुळे 'थ' हद्दपार. 'वॉ'सुद्धा नाही, सरळ 'वा'. शेवटचा र खरं तर ऐकूच येत नाही, 'वाल्टअ' असं काहीतरी येतं, पण पाटीवर र राहू द्या. नाहीतर अर्धी पाटी पुसली गेली असं लोकांना वाटेल.

फाइनवेर्कबाउ. घाबरवणारं नाव, पण हे आडनाव नाहीच. फाइन म्हणजे सूक्ष्म, वेर्क म्हणजे काम, बाउ म्हणजे बांधणी. तीन शब्द चिकटवलेत, आपल्या सामासिक शब्दासारखे. तोडून शिकवा, मुलं एका मिनिटात म्हणतात. कंपनी ओबर्नडोर्फची, म्हणजे माउझर या जुन्या बंदूक कंपनीच्या गावची. महायुद्धानंतर माउझरच्याच दोन जुन्या अभियंत्यांनी काढलेली. एफडब्ल्यूबी म्हणायचंच असेल तर जर्मन माणूस एफ-वे-बे म्हणतो. डब्ल्यू म्हणायला जितका वेळ लागतो तितक्यात त्याचं अख्खं नाव संपतं.

श्टायर. शब्दाच्या तोंडाशी एस-टी आलं की श्ट. हे ऑस्ट्रियातल्या गावाचं नाव आहे, आणि गावातून वाहणाऱ्या नदीचंही. आइनस्टाइन आमच्या उल्ममध्ये १८७९ साली जन्मले, त्यांना इथे आइनश्टाइन म्हणतात. तोच हा श्ट. स्टेअर म्हटलंत तर जिना होतो.

आता इटालियन मंडळी. यांच्या बाबतीत आपलं सुदैव असं की त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. इंग्रजाकडे ते नाहीत, म्हणून त्याने बेरेटा आणि पार्डिनी केलं आणि आपण निमूटपणे आपले त-द टाकून त्याचे ट-ड उचलले. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. बेरेत्ता म्हणा, 'पत्ता'तला त्त. इटालियन माणूस जोडाक्षरावर खरोखर थबकतो, आपल्या सता आणि सत्तामध्ये जितका फरक तितका. १५२६ साली त्यांच्या पूर्वजाने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या विकल्याची नोंद आहे. म्हणजे बाबर पानिपतावर होता तेव्हापासून हे 'बेरेत्ता' आहेत. पार्दीनी, द दारातला. मोरीनी सोपं, कंपनी स्वित्झर्लंडची, पण त्या देशाच्या इटालियन बोलणाऱ्या कोपऱ्यातली, म्हणून नाव तसं.

पेरात्सी मात्र मराठी माणसासाठी सापळा आहे. आवाज पुन्हा 'पाच'वालाच, तोही दुहेरी, पण पुढे ई आहे. आणि आपल्या च ला ई दिसली की तो लगेच चिमणीचा होतो: 'पाच', पण 'पाची बोटं'. म्हणून आपण 'पेराच्ची' करून बसतो. मी केलं होतं, एका इटालियन सहकाऱ्यासमोर, आणि त्याने मान डोलावली ती निव्वळ सभ्यपणाने. लिहिताना 'त्सी' लिहा, म्हणजे जीभ सरळ राहील.

विषय निघालाच आहे तर, आन्शुत्स (१८५६) आणि वाल्टर (१८८६) दोघंही मूळचे उल्मचे नव्हेत. थ्युरिंगियातल्या त्सेला-मेलिस या एकाच गावचे शेजारी. युद्धानंतर ते गाव रशियनांच्या वाट्याला गेलं आणि यांनी इकडे येऊन पुन्हा संसार थाटले. तिसरे शेजारी वायराउख, ते बव्हेरियात गेले. वायराउखचा जर्मनमध्ये अर्थ ऊद! बंदुकीवर 'ऊद' लिहिलेलं पाहून कुणाला हसू कसं येत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

---

सुभेदार_निवृत्त

सातारा. २६ वर्षं सेवा, त्यात बरीच वर्षं कोतचा, म्हणजे हत्यारांच्या कोठाराचा, ताबा माझ्याकडे.

उल्मवाल्या साहेबांचं वाचलं. छान आहे. पण ताई, रेंजवर हत्याराला जी हाक आहे तीच हाक लागते. मी पोरांना ओरडून सांगणार, "वॉल्थर खाली ठेव," तर पोरगं ठेवणार. वाल्टअ म्हटलं तर ते वळून माझ्याकडे बघणार, आणि हातात हत्यार असताना पोराने वळून बघणं म्हणजे काय ते तुमच्या सरांना विचारा.

आमच्या भागात जुन्या बागायतदारांकडे पॉइंट टू टूच्या झेक रायफली असायच्या. बी, आर, एन, ओ लिहिलेलं. सगळा जिल्हा तिला 'ब्रुनो' म्हणतो. एक साहेब आले होते, ते सगळ्यांना सुधारत फिरायचे. साहेबांची बदली झाली, ब्रुनो आहे तिथेच आहे.

तुम्हाला पाटीवर लिहायला एक गोष्ट देतो. ब्रेनगन सगळ्यांना माहीत आहे. तिच्या नावातला पहिला अर्धा भाग याच बी-आर-एन-ओ नावाच्या झेक गावाचा, बी-आर. दुसरा अर्धा ई-एन, विलायतेतल्या एनफील्डचा. बनावट मुळात झेकांची, इंग्रजांनी घेतली, पुढे आपल्याकडे ईशापूरला झाली. नाव अर्धं अर्धं तोडून जोडलं तरी गन व्यवस्थित चालली.

आणि एमपी-५ या छोट्या मशीनगनला आमची कमांडोतली पोरं एचके म्हणतात. त्याचं काय?

---

उल्मवासी

सुभेदार साहेब, नमस्कार. हातात हत्यार असलेल्या पोराचा मुद्दा बिनशर्त मान्य. रेंजवर सरांचाच उच्चार प्रमाण. मी पाट्यांपुरतंच बोलतोय.

पण ब्रुनोबद्दल तुम्हाला आनंद होईल असं सांगतो. त्या गावाच्या नावात पहिल्या दोन व्यंजनांनंतर स्वरच लिहिलेला नाही, कारण तिथे र हाच स्वर आहे. झेक लोक ब, मग नुसता थरथरता र, मग नो असं म्हणतात. र स्वर असणं म्हणजे काय? आपला ऋ! पाणिनीच्या काळात तो असाच म्हणत असणार. म्हणजे देवनागरीत शास्त्रशुद्ध लिहायचं तर 'बृनो'. आणि मराठी माणूस ऋ चा उच्चार करतो रु: कृपा आपल्या तोंडी क्रुपा, गृह ग्रुह. तेव्हा बृनोचं मराठीत ब्रुनोच होणार. उत्तरेत असतात तर 'ब्रिनो' झालं असतं. तुमचा सगळा जिल्हा व्याकरणशुद्ध आहे, साहेबांची बदली योग्यच झाली.

एचके म्हणजे हेक्लर उंट कोख. मधल्या 'आणि'च्या चिन्हाला जर्मन 'उंट' म्हणतो, यावर आपल्याकडच्या कुणालाही पहिल्यांदा हसू फुटतंच. आद्याक्षरं म्हणायची तर हा-का. कोखमधला ख घशात खरवडायचा, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. शाळेत ज्यांना आपण क्षयाच्या जंतूंसाठी 'रॉबर्ट कॉक' म्हणून पाठ केलं, त्यांचंही आडनाव हेच. बाई, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे सांगून बघा, आणि काय होतं ते इथे कळवा.

---

गोदाकाठ

नाशिकहून थोडं अवांतर. आमच्या आजोबांच्या पिढीत घराघरात एकच परदेशी पिस्तूल नावानिशी माहीत होतं: ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं धाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ला अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर ब्राउनिंगच चालवलं. आजी 'ब्रौनिंग' म्हणायची, औषधातल्या 'औ'सारखं, आणि मला तेच जास्त बरोबर वाटतं, 'ब्राऊ' असं लांबवण्यापेक्षा.

माणूस अमेरिकन, पण पिस्तुलं त्या काळी बेल्जियममध्ये बनत. तिथल्या कारखान्याचं नाव आपण 'फॅब्रिक नॅशनल हर्स्टल' वाचतो, म्हणजे खादी भांडार वाटतं. फ्रेंचमध्ये फाब्रीक नास्योनाल, आणि गावाच्या नावातला एच मुका: एर्स्ताल. ब्राउनिंगसाहेब १९२६ साली याच कारखान्यात काम करताना गेले.

---

थंडीतला_कोकणी

इकडे स्वीडनला तीन हिवाळे काढलेत, तेवढ्या जोरावर माझीही भर. उल्मवासींच्या 'इंग्रजीला उठवा'ला आणखी एक पुरावा.

बोफोर्स. १९८७पासून आपल्या पेपरांनी इतक्या वेळा छापलं की गावातल्या प्रत्येक भानगडीला 'आमचं बोफोर्स' म्हणायचे. पुढे कारगिलला तीच तोफ कामाला आली आणि शब्दाला जरा मान आला. इथे ऑफिसात मी सहज बोफोर्स म्हटलं, तर कुणालाच कळेना. मी तोफेची खूण केली. तेव्हा एक जण म्हणाला, "आ, बूफोष!"

मी ष मुद्दाम लिहिलाय. स्वीडिश भाषेत र आणि स शेजारी आले की दोघं विरघळून एक आवाज होतो, जीभ मागे वळवून काढलेला. पोटफोड्या ष! जो आपण शाळेत लिहायला शिकतो आणि बोलताना श करून टाकतो, तो इथे रोज ऐकू येतो. माझ्या संस्कृतच्या बाईंना कळवायला हवं.

---

शब्दवेडी

अहो, मी आठ पाट्या मागितल्या होत्या आणि तुम्ही अख्खं वर्णमालेचं प्रकरण पाठवलंत. सातवीच्या वर्गात काल 'पाच' आणि 'पाची बोटं' करून घेतलं. ३८ मुलं एकमेकांच्या तोंडात बघत होती. ही गोष्ट मी २० वर्षं शिकवतेय, पण 'पेरात्सी' नावाची बंदूक येईपर्यंत माझ्याही ध्यानात आली नव्हती की तो बदल आपोआप होतो.

विज्ञानाच्या सरांना 'कोख' सांगितलं. ते म्हणाले, परीक्षेत कॉकच लिहायचं.

पाट्यांचं असं ठरवलंय: वर मोठ्या अक्षरात मूळ उच्चाराजवळचं नाव, खाली लहान अक्षरात रेंजवरची हाक. म्हणजे 'आन्शुत्स', खाली 'अँशुट्झ'. 'वाल्टर', खाली 'वॉल्थर'. 'श्टायर', खाली 'स्टेअर'. 'बेरेत्ता', खाली 'बेरेटा'. सुभेदार काकांचा मुद्दा मला पटलाय, आणि उल्मवासींचा तर पाठच झालाय. सरांना कच्चा कागद दाखवला. ते बराच वेळ 'श्टायर'कडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, श्टा म्हणायला दम लागतो, स्टँडिंगच्या मुलांना द्या." मोरीनीला दोन ओळींची गरजच पडली नाही. पार्दीनीच्या द वरून लेकीशी वाद झाला. तिचं म्हणणं, पार्डिनी 'भारी' वाटतं, पार्दीनी आपल्या गल्लीतलं वाटतं. मी म्हटलं, म्हणूनच.

फाइनवेर्कबाउच्या पाटीत मात्र नाव मावत नाहीये. कार्ड बारा इंचांचं आहे.

---

उल्मवासी

दोन ओळींत तोडा, पण 'फाइनवेर्क' आणि 'बाउ' असं. 'फाइन' एका ओळीत आणि 'वेर्कबाउ' दुसऱ्या ओळीत केलंत तर दंड भरायचाय असं वाटेल.

लेकीला सांगा, पार्दीनी खरोखरच कुणाच्या तरी गल्लीतलं आहे. इटलीत, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावातल्या माणसाचं आडनाव ते.

---

शब्दवेडी

सांगितलं. "मग आपली गल्ली नाही ना," म्हणाली.

आता खरंच शेवटचं. सरांनी आत्ताच नववी पाटी दिली, पॉइंट टू टूच्या गोळ्यांच्या खोक्यासाठी. ई, एल, ई, वाय. इले, एली की ईली?

---

सुभेदार_निवृत्त

ईली. इंग्रजाची कंपनी आहे, इथे इंग्रजीला उठवू नका.